भाचा सोळा वर्षांचा आहे. "गड्ड्याला आहे ना मी?" विचारतो. काय सांगू?

होटगीरोड_मामा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं नुसतं वाचतो, लिहीत नाही, त्यामुळं काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सोलापूरचा आहे. माझ्या अक्काचा मुलगा दहावीला आहे, सोळा पूर्ण. नाव देत नाही, घरात बाळ्या म्हणतो तेच लिहितो. पावणेदोन वर्षांपूर्वी गुडघा दुखायला लागला, क्रिकेटमध्ये लागलं असेल म्हणून आम्ही दोन महिने मलम चोळत बसलो (हे आठवलं की अजून झोप उडते), मग एक्स-रे, एमआरआय, बायप्सी आणि मग ऑस्टिओसार्कोमा हा शब्द. हाडाचा कॅन्सर, तो वाढत्या वयातल्या पोरांनाच जास्त होतो हे तेव्हा कळलं. मुंबईला परळला केमो झाले, सिद्धेश्वर एक्सप्रेसमधला चहावाला पण तोंडओळखीचा झाला, डावा पाय मांडीतून काढला, परत केमो. मधे चार-पाच महिने छान गेले, कुबड्यांवर गल्लीत अंपायर म्हणून उभा राहायचा. दिवाळीच्या आधीच्या स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत गाठी निघाल्या, एक-दोन नाही, बऱ्याच. डॉक्टरांनी मला आणि दाजींना बसवून नीट सांगितलं की आता अजून केमो दिले तर त्रास वाढेल, दिवस वाढणार नाहीत. किती, म्हणून विचारलं तर म्हणाले महिन्यांचा हिशोब धरा.

बाळ्याला यातलं काहीच सांगितलेलं नाही. अक्का म्हणते पोर खचेल, तोंडातून शब्द काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. त्याला सांगितलंय की छातीत इन्फेक्शन आहे, ते गेलं की पुढचं बघू. इकडं दाजींना कुणीतरी लांबच्या एका वैद्याचा पत्ता दिलाय, तिथं महिनाभर राहायचं, तिकिटं काढून झाली आहेत. दाजींना काही बोलायची माझी हिंमत नाही, बाप आहे तो, त्याचं काय होत असेल ते मला दिसतंय.

परवा मित्राची ओम्नी घेऊन बाळ्याला कंबर तलावावर नेलं होतं. काचेतून बगळे बघत बसला होता. मधेच म्हणाला, मामा, गड्ड्याला आहे ना मी? मी म्हणलं, हे काय विचारणं झालं बे, आहेसच की. तर "बरं" म्हणाला आणि परत बगळे बघायला लागला. त्या "बरं"नं मला दोन रात्री झोपू दिलं नाही.

(बाहेरच्यांसाठी: गड्डा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वरची यात्रा. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, अक्षता सोहळा, होम, आणि मग होम मैदानावर शोभेचं दारूकाम. सोलापूरच्या पोराचं वर्ष तिथूनच सुरू होतं.)

तर त्याला खरं सांगायचं का? कुणी, कसं? दाजींना थांबवायचं का? आणि जेवढे दिवस आहेत त्यात नेमकं करायचं काय? कुणाच्या घरात झालं असेल तर लिहा. "पॉझिटिव्ह राहा" वगैरे कृपया नको, ते व्हॉट्सॲपवर रोज शंभर येतायत.

निवांत_ज

वाचून सुन्न झालो. मी पुण्याचा, घरात असा अनुभव नाही, त्यामुळं सल्ला देत नाही. एकच माहिती, मेक अ विश इंडिया म्हणून संस्था आहे, ३ ते १८ वयाच्या गंभीर आजारी मुलांची एक इच्छा पूर्ण करतात, कुणाला भेटायचं असेल, कुठं जायचं असेल, काही वस्तू हवी असेल. बाळ्या वयात बसतो. चौकशी करून बघा.

आयुर्शक्ती

दादा निराश होऊ नका, डॉक्टर लोक असंच सांगतात. माझ्या मेहुण्यांच्या ओळखीत एकांनी काढा दिला होता, तीन महिन्यांत गाठ विरघळली. केमोनंच माणूस जास्त खराब होतो. नंबर पाहिजे तर पर्सनलमध्ये मेसेज करा.

कडकभाकरी

आयुर्शक्ती, हात जोडतो, इथं नको. माणूस विचारतोय काय आणि तुम्ही विकताय काय. ॲडमिन, बघा जरा.

मामा, माझं वय तेवीस, मी त्या मुलाच्या बाजूनं लिहितो, म्हणजे मित्राच्या बाजूनं. अकरावीत आमच्या ग्रुपमधल्या एकाला ब्रेन ट्यूमर झाला होता. पहिल्यांदा सगळे गेलो, बिस्किटाचे पुडे घेऊन, रांगेत उभे राहिलो, त्याची आई दारातच रडायला लागली, आम्हाला कळेना काय बोलायचं, मग हळूहळू जायचं बंदच केलं. अभ्यास आहे, क्लास आहे, असली कारणं. खरं कारण भीती. शेवटी त्यानंच ग्रुपवर टाकलं की साल्यांनो मी मेलो का आत्ताच? मग गेलो आणि मग रोज जायला लागलो. त्याला काय पाहिजे होतं माहितीय का, कुठल्या सरांनी कुणाला हाणलं, कोण कुणाच्या मागे आहे, ऑफसाइडला कोण बरा खेळतोय, एवढंच. त्याच्याशी सगळे हळू आवाजात बोलायचे त्याचा त्याला वीट आला होता. एकदा कॅरममध्ये मी मुद्दाम हरलो तर सोंगटी फेकून मारली होती मला.

तर बाळ्याच्या दोस्तांना तुम्ही स्वतः फोन करा. ते येत नसतील तर वाईट म्हणून नाही, घाबरलेत म्हणून. सांगा की शिव्या देत बोला चालेल. आणि अक्कांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा.

सिस्टर_बार्शी

मी नर्स आहे, बरीच वर्षं कॅन्सर वॉर्डात आणि आता पॅलिएटिव्हमध्ये. पॅलिएटिव्ह म्हणजे आजार बरा होणार नसला तरी माणसाचा त्रास कमी करायची ट्रीटमेंट. लोकांना वाटतं हे फक्त शेवटच्या दोन दिवसांसाठी असतं. तसं नाही, तुमच्या पोराचं हे खरं तर त्या स्कॅनच्या दिवशीच सुरू व्हायला पाहिजे होतं.

आधी दुखणं. तुम्ही एवढं सगळं लिहिलंत पण त्याला किती दुखतंय ते लिहिलं नाही, त्यावरून वाटतंय की घरात त्याला कुणी विचारत नाही. काय करायचं, कुठं न्यायचं, हे सगळं नंतर येतं, दुखत असलेल्या पोराला गड्डा काय आणि हुरडा काय, काही गोड लागत नाही. तोंडानं घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात. २०१४ साली कायदा बदलला, त्यामुळं मान्यता असलेल्या हॉस्पिटलना त्या ठेवणं सोपं झालं, तरी सगळ्या मेडिकलमध्ये नाही मिळत, त्यामुळं कुठं मिळतात ते आत्ताच शोधून ठेवा, ऐन वेळी रात्री दोनला धावपळ नको. डॉक्टरांनी दिल्या तर घड्याळ लावून द्या, "फारच दुखलं तर देऊ" असं करू नका. मधेच कळ आली तर जादा डोस किती ते डॉक्टर लिहून देतात, ते विचारून घ्या. आणि पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ व्हायचं औषध मागा, मॉर्फिननं पोट घट्ट होतंच, आणि पोरं त्यालाच वैतागून गोळी टाळतात. सवय लागेल, व्यसन लागेल, हे आजी-आजोबा म्हणतील. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं सहसा व्यसन लागत नाही.

अजून एक विचारा त्याला, काढलेला पाय दुखतो का. हसू नका. नसलेल्या पायाची बोटं दुखतात, खाजतात, वळतात, आणि पोरं सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं लोक वेड्यात काढतील. त्याला वेगळी औषधं असतात, नसांची.

दम लागायला लागेल पुढं. तेव्हा घाबरून आडवं झोपवू नका, उशा लावून बसवा, खिडकी उघडा, छोटा टेबल फॅन चेहऱ्यावर सोडा. साधी गोष्ट आहे पण खूप फरक पडतो. थोड्या मॉर्फिननं दम पण कमी होतो.

सांगायचं कसं? त्याला बसवून भाषण देऊ नका. त्यानं तुम्हाला दार उघडून दिलं होतं, तुम्ही लावून घेतलंत (रागवू नका, सगळेच लावतात). परत विचारेल. तेव्हा उलट विचारा, तुला काय वाटतं? तुला असं का वाटलं? आणि मग गप्प बसा. जेवढं विचारेल तेवढंच सांगा, पण जे सांगाल ते खरं पाहिजे.

जवळ म्हणाल तर आमच्या बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, तिथं चौकशी करा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, पैसे घेत नाहीत, घरचं माणूस सोबत राहू शकतं, चार दिवस जाऊन औषधं बसवून परत घरी येता येतं. वैद्याकडं महिना घालवायच्या आधी दाजींना एकदा तिथं न्या. "करण्यासारखं काहीच उरलं नाही" हे ऐकलेला बाप कुठंही पळतो. त्याच्या हाताला काम द्या. औषधांचं घड्याळ दाजींकडं सोपवा.

पूर्वभाग_कारखाना

माझी मराठी लिहायची सवय कमी आहे, घरात तेलुगू बोलतो, समजून घ्या. मी टॉवेलच्या कारखान्यात आहे, अशोक चौकाकडं राहतो.

माझी मुलगी चौदा वर्षांची होती, रक्ताचा कॅन्सर. २०१६. आम्ही पण सांगितलं नाही. अशक्तपणा आहे म्हणलं. ती पण रोज म्हणायची नान्ना आज बरं वाटतंय. शेवटचे चाळीस दिवस हॉस्पिटलमध्ये गेले, दुसऱ्या गावात, कारण आम्ही म्हणलं अजून एक इंजेक्शन, अजून एक इंजेक्शन. तिच्या शाळेचं गॅदरिंग होतं, तिनं एकदाच विचारलं जाऊ का, आम्ही म्हणलं पुढच्या वर्षी जा. ती काही बोलली नाही.

ती गेल्यावर तिथल्या एका सिस्टरनी सांगितलं की तिला सगळं माहीत होतं. रात्री त्या सिस्टरशी बोलायची. मला काय होणार ते अम्माला सांगू नका, ती रडेल, असं म्हणायची. म्हणजे आम्ही तिला सांभाळतोय असं आम्हाला वाटत होतं आणि ती आम्हाला सांभाळत होती, एकटी. चौदा वर्षांची. मामा, हे मी कुणाला सांगत नाही, आज लिहिलं. तिच्याशी एकदा जरी खरं बोललो असतो तर निदान दोघं मिळून रडलो असतो.

तुमच्या पोराला घरी ठेवा. यंत्राचा आवाज, गल्लीचा आवाज, आईच्या हातची भाकरी. माझी मुलगी शेवटी म्हणत होती इथं मागाचा आवाज का येत नाही.

निवांत_ज

पूर्वभाग, तुमची मराठी आमच्यापेक्षा चांगली आहे. बस्स, एवढंच.

होटगीरोड_मामा

पाच दिवसांनी येतोय. सगळ्यांचं तीन-तीन वेळा वाचलं. पूर्वभाग साहेब, तुमचं वाचून गाडी बाजूला लावून बसलो होतो.

सिस्टरनी सांगितलं तसं त्याच्या खोलीत गेलो, टेबलफॅन घेऊन. म्हणलं बाळ्या, त्या दिवशी तू गड्ड्याचं विचारलंस, तुला काय वाटतं? माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, मामा, स्कॅनच्या रिपोर्टची पीडीएफ तुम्हाला कुणी काढून दिली?

मला क्षणभर कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. दाजींना ते हॉस्पिटलचं लॉगिन, ओटीपी, काही जमत नाही, मला पण नाही. दीड वर्ष सगळे रिपोर्ट बाळ्याच डाउनलोड करतो आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाठवतो. आम्ही त्याच्याच हातानं काढलेला रिपोर्ट घेऊन स्वयंपाकघरात कुजबुजत होतो! त्याला दिवाळीच्या आधीपासून माहीत आहे. सगळे शब्द बघून काढलेत त्यानं. म्हणाला, तुम्ही इन्फेक्शन म्हणला, मी म्हणलं ठीक आहे, तुम्हाला तसं बरं वाटत असेल.

मग रडलो, मीच आधी. त्यानं पाठीवर थापटलं माझ्या, काय सांगू. नंतर तो पण. नंतर विचारलं पाय दुखतो का, नसलेला. तर म्हणाला रोज, करंगळी, पण कुणाला सांगू, करंगळी कुठाय दाखवायला. म्हणजे एवढे महिने... जाऊ दे.

अक्काला सांगणं सगळ्यात अवघड होतं. ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की आता घरात कुणी कुजबुजत नाही. दाजींनी तिकिटं लगेच रद्द केली नाहीत, दोन दिवस घुम्यासारखे बसले, मग बाळ्यानंच त्यांना म्हणलं, पप्पा, रेल्वेत मला झोप लागत नाही. तेवढ्यावर रद्द केली. आता मॉर्फिन सुरू आहे, घड्याळ दाजींकडं. रात्री दोनचा अलार्म होतो आणि त्यांच्या चपलांचा आवाज येतो.

मेक अ विशचं त्याला सांगितलं. नको म्हणाला, छान आहे पण मला कुणाला भेटायचं नाही, फोटो काढतील आणि मी त्यात बारीक दिसेन. त्याची स्वतःची यादी आहे, फोनमध्ये, मला वाचून दाखवली:

दहावीचा फॉर्म भरायचा. (मी म्हणलं अरे परीक्षा फेब्रुवारी-मार्चला आहे. म्हणाला माहितीय, फॉर्म भरायचाय, हॉलतिकिटावर माझं नाव आलं पाहिजे.) आजीला यूट्यूबवर स्वतः कीर्तन लावता आलं पाहिजे, मला हाक मारायची नाही. पार्क चौपाटीवर रात्री डिस्को भजी. मित्राच्या शेतात हुरडा, शेंगा चटणी घरची. बॅट धाकट्या चुलतभावाला, पण ग्रिप बदलून. गड्ड्याला बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घालायची, दरवर्षी टीशर्टवर जायचो. दारूकाम बघायचं. आणि शेवटी एक ओळ, डोळे देता येतात का विचारणे.

ते शेवटचं मला नाही विचारता आलं कुणाला. सिस्टर, तुम्हीच सांगा. आणि दारूकामाचा धूर त्याच्या छातीला झेपेल का?

सिस्टर_बार्शी

डोळ्यांचं आधी. साधारणपणे हाडाच्या कॅन्सरमध्ये बुबुळं देता येतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये आणि डोळ्याच्याच काही कॅन्सरमध्ये नाही घेत. शेवटी घ्यायचे की नाही ते नेत्रपेढीचे डॉक्टर ठरवतात. तो अठराच्या आत आहे म्हणून संमती आई-वडिलांची लागेल, त्यामुळं त्यांच्याशी आत्ताच, तो समोर असताना बोलून ठेवा. नेत्रपेढीचा नंबर फ्रिजवर चिकटवा. वेळ आली की साधारण सहा तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद. चेहरा विद्रूप होत नाही, काही लोक घाबरवतात.

धुराचं: मैदानात नको. गर्दी, धूळ, आणि दम लागला तर बाहेर काढता येत नाही. लांबून, उंचावरून, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. जादा डोस खिशात. आणि सगळं त्या एकाच दिवसावर टाकू नका. दारूकामापर्यंत तब्येत कशी असेल कुणाला माहीत. भजी या आठवड्यात, हुरडा कोवळा मिळाला की लगेच, बाराबंदी आजच टाका शिवायला. घालायला गड्डाच कशाला पाहिजे, नंदीध्वजाचा सराव आधीपासून सुरू असतो, तो दाखवा.

कडकभाकरी

फॉर्मचं भारी आहे. मामा, हॉलतिकीट आलं की लॅमिनेट करा. आणि लेखनिक आणि जादा वेळ मिळतो आजारी मुलांना, शाळेतनं अर्ज करावा लागतो, तो पण करून टाका. पोरगं सिरीयस आहे तर आपण पण सिरीयस घ्यायचं.

पंचकट्टा_गच्ची

मी इथं कधी कमेंट करत नाही. आमचं घर पंचकट्ट्याजवळ, तीन मजले, गच्चीवरून होम मैदानाचं आकाश सगळं दिसतं, दरवर्षी आमचे पाहुणे असतातच. लिफ्ट नाही. पण खुर्चीसकट वर न्यायला आम्ही चार भाऊ आहोत आणि खालच्या व्यायामशाळेतली पोरं. नंदीध्वज पण आमच्या समोरून जातात, ते दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, बाशिंग हाताला लागेल इतक्या जवळून. पर्सनलमध्ये पत्ता टाकलाय. गड्ड्याची वाट बघू नका, सराव असतो तेव्हा पण या. त्याला चहा चालतो का कॉफी, तेवढं कळवा.

होटगीरोड_मामा

पंचकट्टा, पत्ता मिळाला. कॉफी, साखर जास्त. काय बोलू तुम्हाला.

भजी झाली. रात्री साडेअकराला, सात पोरं आणि एक ओम्नी. दोनच खाल्ली त्यानं पण ऑर्डर तोच देत होता. एका मित्राच्या शर्टावर चटणी सांडली तर त्याच्यावर एवढा हसला की दम लागला, पाच मिनिटं सगळे चिडीचूप, मग तोच म्हणाला, काय बघलालाव बे, भजी गार होऊलालीत. आजी कीर्तन लावायला शिकली, आवाज कमी करायला अजून शिकली नाही.

कडकभाकरी, फॉर्म भरला, लेखनिकाचा अर्ज पण दिला. वर्गशिक्षक घरी आले होते, गणिताची एक वही देऊन गेले, तपासून देतो म्हणाले.

आज बाराबंदीचं माप द्यायला टेलरना घरी बोलावलं होतं, वयस्कर आहेत, आमच्या गल्लीतले. बाळ्या पलंगावर बसला, खांदे बघितले, छाती बघितली. त्यांनी टेप गुंडाळला आणि माझ्याकडं बघितलं, पोरगं किती उतरलंय ते टेपला कळतंच. अक्का दारात उभी होती. एकदम म्हणाली, काका, दोन बोटं सैल ठेवा, वाढतं अंग आहे.

कुणी काही बोललं नाही. टेलरकाका वहीत बघायला लागले. बाळ्यानं अक्काकडं बघितलं आणि म्हणाला, ठेवा ठेवा काका, आत स्वेटर घालायचाय, जानेवारीत थंडी असती.

शनिवारी मिळणार आहे.